उठेपर्यंत खुर्ची तुमची

देवाने वहिनींना आवाज दिला आणि वहिनींनी तो उमेदीची सगळी वर्षं बसडेपोच्या माइकला वाहिला. "प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे," असं त्या म्हणाल्या की जागेवरून हमरीतुमरीवर आलेली माणसंही भांडण तिथंच ठेवून कान टवकारायची. त्या आवाजात अरे-तुरे नव्हतंच. वहिनी हमालाला तुम्ही म्हणत, शाळकरी पोरांना तुम्ही म्हणत, दारात येऊन बसणाऱ्या बोक्यालासुद्धा "अहो, जरा बाजूला व्हा" म्हणत. पुढे डेपोत ध्वनिमुद्रित आवाज आला. वहिनींनी कुरकुर न करता माइकवरची धूळ पुसली, त्याला नमस्कार केला आणि नोकरी सुटताना आलेल्या पुंजीतून धाकट्या दिराबरोबर कॉम्प्युटर क्लब उघडला. नवरा बोटीवर नोकरीला, तो फोनवर एवढंच म्हणाला, "तू ठरवलंयस ना? मग झालंच."

जागा पूर्वी शिंप्याची होती. कापडाचा वास गेला, भिंतीवरचे खिळे गेले, गिऱ्हाइकांना टेकायला ठेवलेला लांब बाक तेवढा मागच्या खोलीत राहिला. दीर दुरुस्तीच्या दुकानातली बरी नोकरी सोडून आला होता. मशीन त्याच्याकडे, माणसं वहिनींकडे, अशी वाटणी.

पास ही वहिनींची कल्पना. महिन्याचे पैसे आधी भरायचे, कार्डावरचा नंबर टाकायचा आणि हवं ते खेळायचं. "आधी पैसे देणारा माणूस विश्वास ठेवून जातो, भाऊजी," त्या दिराला म्हणाल्या. "तो रोज थोडा थोडा परत करायचा, हाच आपला धंदा." कार्डावरचं वाक्यही त्यांनीच लिहिलं: ‘उठेपर्यंत खुर्ची तुमची.’ म्हणजे तुम्ही उठलात की थांबलेल्याने बसायचं. यात न कळण्यासारखं काय आहे?

आता बघा, न कळण्यासारखं काय होतं ते.

कोपऱ्यातल्या कॉम्प्युटरचा पास घेतला एका कंडक्टरने. त्याला बस चालवायचा खेळ हवा होता. "जन्मभर मागे उभा राहून घंटी मारली," तो म्हणाला, "आता एकदा पुढे बसतो." पण दुसऱ्या दिवशी भर दुपारी त्या खुर्चीत बसले त्याचे वडील. संध्याकाळी कंडक्टर आला तेव्हा आजोबा एका बाजूने सरकले आणि लेक दुसऱ्या बाजूने आत घुसला. थोड्या वेळाने नर्सच्या पोशाखात त्याची बायको आली, तशीच अर्ध्या खुर्चीवरून पूर्ण खुर्चीवर गेली. ती कामावर निघाली की तिघंही उठत, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा आजोबा. तोवर खुर्चीला वारा म्हणून लागेना.

इकडे संध्याकाळी कॉलेजची टोळी दाराशी ताटकळायची. त्यांची म्होरकी, जिला सगळे कॅप्टन म्हणत, तिने एक दिवस सुनावलं, "वहिनी, समोर काचेच्या दाराचा क्लब उघडलाय. तिथंही पास आहे आणि तिथं खुर्चीला मुळं फुटत नाहीत. असंच चाललं तर आम्ही सगळे तिकडे जाऊ."

दिराचा पारा चढला. "एका पासावर अख्खं खानदान! उद्या हे पाहून प्रत्येक जण मामा-मावशी घेऊन येईल. त्यांचा पास रद्द करा, वहिनी. जुन्या दुकानाचे मालक मला परत बोलावतायत, शनिवारी त्यांना उत्तर द्यायचंय. असाच कारभार चालणार असेल तर मी हो म्हणून टाकतो."

वहिनी कॉम्प्युटरचे पडदे पुसता पुसता नामस्मरण करत होत्या. ते थांबलं. दीर गेला तर क्लब गेला, हे त्यांना कुणी सांगायला नको होतं. पण चेहऱ्यावर रेघ उमटली नाही.

"उत्तर शनिवारी ना? मग तोवर थांबा. मी बोलते त्यांच्याशी."

संध्याकाळी बाप, लेक आणि सून, तिघंही कोपऱ्यात होते. एक बसलेला, दोघं खुर्चीच्या पाठीला लटकलेले. वहिनींनी कार्ड पुढे धरलं.

"हे तुम्ही वाचलंत का?"

"वाचलं की," कंडक्टर म्हणाला. "खुर्ची तुमची. म्हणजे आमची. आम्ही तिघं."

"अहो, ते आदराने लिहिलंय! एकाच माणसाला!"

"मग आदर मला एकट्यालाच? बाबांना नको?"

आजोबा खो खो हसले. टोळीतही खसखस पिकली. मागून दीर म्हणाला, "म्हणून सांगतो, ‘तुझी’ छापा! भानगडच मिटेल."

"भाऊजी, मी तुम्हाला कधी ‘तू’ म्हटलंय का? मग पैसे देणाऱ्याला कशी म्हणू?" त्या कंडक्टरकडे वळल्या. "शब्द माझा, चूकही माझी, तो मी मागे घेणार नाही. पण खरं सांगा, दुपारपासून खुर्ची अडवता कशासाठी? आजोबा तर निम्मा वेळ पेंगतात."

सून हळूच म्हणाली, "या एका तासासाठी, वहिनी. यांची ड्यूटी सुटते आणि माझी रात्रपाळी सुरू व्हायची असते. घरी जाऊन परत यायला वेळ पुरत नाही. तिघं एकमेकांना भेटतो ते इथंच. पण संध्याकाळी खुर्ची रिकामी मिळत नाही, म्हणून मामंजी आधी येऊन धरून ठेवतात."

"आणि धरून ठेवलेल्या खुर्चीत बसतो एकच," वहिनी म्हणाल्या. "बाकीचे दोघं उभे. याला भेट म्हणायचं?"

त्या मागच्या खोलीत गेल्या. काहीतरी ओढल्याचा आवाज आला, पाठोपाठ डेपोतला आवाज: "भाऊजींनी कृपया दुसरं टोक धरावं!"

दोघांनी मिळून शिंप्याचा बाक बाहेर काढला आणि कोपऱ्यातली खुर्ची उचलून तिच्या जागी मांडला.

"हा एक तास रोज तुमचा," वहिनींनी जाहीर केलं. "कुणी आधी येऊन धरायचा नाही, मी राखीन. तिघांनी एकदम बसायचं, एकदम उठायचं. बाकीचा सगळा दिवस जागा दुसऱ्यांची. कबूल?"

"कबूल! मला दुपारची झोप तरी मिळेल," आजोबा म्हणाले आणि पहिले तेच बसले.

कंडक्टरने स्टिअरिंग धरलं. "टिंग टिंग!" सून ओरडली. "सरळ चला, मागे प्रवासी उभे आहेत!" पहिल्याच वळणावर बस पाण्याच्या टाकीवर चढली. आजोबांनी तिकिटाचे पैसे परत मागितले. अख्खा क्लब हसला, आणि वहिनींना सत्संगातला आनंद झाला.

तास संपला. तिघं एकदम उठले, एकत्र दारापर्यंत गेले, तिथून सून कामाच्या वाटेला आणि बापलेक घरच्या. तोवर कॅप्टन आपली टोळी घेऊन रिकाम्या बाकावर ठाण मांडून बसली होती. "वहिनी, असा बाक आम्हालाही पासात द्या ना! समोर नुसत्या फिरत्या खुर्च्या आहेत, एकाला बसवतात आणि दुसऱ्यापासून फिरवून टाकतात."

शनिवारी दिराचा फोन वाजला. दोन कॉम्प्युटरच्या वायरींमध्ये अडकल्या अडकल्याच तो बोलला, "नाही हो मालक, तुम्ही दुसरा माणूस बघा. मला सुताराकडे जायचंय. आमच्याकडे बाक कमी पडतायत."

मग नव्या पासाचा कोरा कागद त्याने वहिनींपुढे ठेवला.

"बाक तुमचा, असंच लिहू ना?"

"लिहा," वहिनी म्हणाल्या. "आणि या खेपेला ‘तुमचा’ म्हणजे सगळ्यांचा, असं समजून लिहा."