चाळिसाचे दोनशे

ट्रेची माहितीपत्रकं छापून आली तेव्हा माया रामटेकेने आधी आपलं नाव पाहिलं, मग त्याच्या वरचा आकडा. दोनशे. तिची कानशिलं तापली.

मिहान औद्योगिक भागातल्या त्या छोट्या कंपनीत तिने चार वर्षं घालवली होती. कापसाच्या वाळल्या पऱ्हाटीतून काढलेलं लिग्निन, जवसाचं तेल आणि धानाच्या तुसाच्या राखेतली सिलिका एकजीव करून तिने दवाखान्यातल्या ट्रेसाठी उष्णता सोसणारं प्लास्टिक बनवलं. कोरड्या भट्टीत ते एकशे नव्वद अंशांपर्यंत टिकायचं. पण दवाखान्यात अवजारं निर्जंतुक करतात ती दाबाच्या वाफेवर, आणि त्या वाफेत तिचे ट्रे चाळीस फेऱ्यांनंतर तडकायचे. अहवालात तिने चाळीसच लिहिलं होतं.

ती तडक मालकाच्या खोलीत गेली. "सर, दोनशे फेऱ्या कोणी मोजल्या?"

सुशीलने हसून खुर्ची दाखवली. "बसा मॅडम. बाजारात सगळेच वाढवून लिहून राहिले. अन् आपला माल झाडापाल्याचा. त्याले कोण एवढं तपासते?"

"झाडापाल्याचा आहे म्हणून खोटं लिहायचं काय? माझं नाव काढा."

"नाव तर तुमचंच लागते. तपासणी तुम्हीच केली ना."

पऱ्हाटी फक्त चुलीत घालायच्या कामाची, असं म्हणणाऱ्या प्रत्येकाला तिने मोजून काढलेल्या आकड्यांनी उत्तर दिलं होतं. आता तोच आकडा या माणसाने तिच्या नावावर खोटा छापला होता.

दुसऱ्या दिवशी तीन तडकलेले ट्रे घेऊन ती धंतोलीतल्या त्या हॉस्पिटलात गेली, जिथून ऑर्डर आली होती. मेट्रन गोपिकाताईंनी तड्यावरून नख फिरवलं. एक कपचा टेबलावर पडला.

"हा पेशंटच्या पोटात गेला असता वं," त्या हळूच म्हणाल्या. मग तिच्याकडे बघत, "तुही नोकरी जाईल ना पोरी."

"माहीत आहे, ताई."

ऑर्डर त्याच दुपारी थांबली. दुसऱ्या सकाळी कंपनीच्या गेटवरच्या चौकीदाराने मायाला आत सोडलं नाही. डबा हातात धरून ती उन्हात उभी राहिली. खोटं लिहिणारा आत पंख्याखाली बसला होता आणि ती बाहेर, याचाच तिला संताप येत होता.

बारा दिवसांनी सुशीलचा फोन आला. ट्रे सुधारून दिले तर घेऊ, पण तपासणी मेट्रनसमोर आणि सही मायाचीच, असं हॉस्पिटलने कळवलं होतं.

"झालं गेलं सोडा मॅडम. राग काहून धरून राहिल्या?"

"तुम्ही माफी कुठं मागितली?"

त्याने कोरड्या आवाजात माफी मागितली. माया कामावर परत गेली, पण आधी ती सगळी माहितीपत्रकं तिने स्वतःसमोर फाडायला लावली.

वाफेत टिकणाऱ्या नव्या मिश्रणाचे ट्रे आता साठाव्या फेरीपर्यंत पोचले आहेत. सुशील नमस्कार करतो, ती मान हलवते. पुन्हा कोणी आकडा बदलू नये म्हणून तपासणीची वही मात्र ती रोज पिशवीत घालून घरी नेते, आणि आपल्यालाच असं करावं लागतं, याची चीड तिला रोज नव्याने येते.