काळ्या चौकटीतले हातवाले काका

मी एक जुना अंक आहे, मित्रांनो. चित्रकथांच्या वेडापायी एक ताई आणि त्यांचा मावसभाऊ घरीच मासिक काढत, त्यातला सातवा. ताई शिवणकाम करत, भाऊ घड्याळं दुरुस्त करी. पहिला अंक कार्बन कागदावर निघाला, पुढचे झेरॉक्सवर; पण शिवण सगळ्यांची ताईंच्याच मशीनवर. माझ्यासारख्या प्रती साठ.

दोघांचा जीव एका चित्रकारावर होता. पुस्तकांवर त्यांचं नाव कधी छापलं जात नसे. पण माणसाचे हात काढावेत तर त्यांनीच! म्हणून मासिकात ते 'हातवाले काका'.

एकदा भावाने डोळ्याला भिंग लावून नवी चित्रकथा पाहिली आणि तो मटकन खालीच बसला.

"ताई, हे हात काकांचे नाहीत गं. काका गेले!"

"काहीतरीच काय! कुणाला विचारलंस तरी का?"

"विचारायचं काय त्यात? नखं बघ की! काका असते तर अशी नखं येऊ दिली असती?"

ताईंच्या डोळ्यांना धार लागली. मी जन्मलो तो काळी चौकट घेऊनच. चौकटीत लिहिलं होतं, 'हातवाले काका. नाव ठाऊक नाही.' खाली पानंच्या पानं त्यांच्या रेषेचं गुणगान. सांत्वनाची चिठ्ठी लावून मला त्या चित्रकथेच्या प्रकाशकांकडे धाडलं.

पंधरा दिवसांनी दारात एक म्हातारे गृहस्थ उभे. उजवा हात लुळा, डाव्या हातात मी.

"मी वारलो म्हणे. तुम्हाला आधी कळलं, म्हणून चौकशीला आलो."

ताईंच्या हातून कात्री पडली. माझी शिवण उसवली नाही, ही देवाचीच कृपा!

"काका, फार मोठं पाप झालं. मासिक आजच बंद करतो," ताई कशाबशा बोलल्या.

"खबरदार!" काका कडाडले. मग खुर्चीवर टेकले. "झटका आला, हात गेला. आता डाव्याने काढतो. प्रकाशकालाही फरक कळला नाही. तुम्हाला नखं दिसली! चाळीस वर्षं हात काढले, पोरांनो. कुणी कौतुक केलेलं आत्ता वाचलं. तेही मेल्यावर!"

त्यांनी पेन मागितलं. मला शिवणाच्या टेबलावर ठेवून 'नाव ठाऊक नाही' खोडलं आणि डाव्या हाताने स्वतःचं नाव लिहिलं. पुढचे अंक त्यांना सर्वांत आधी जात.

कित्येक वर्षांनी काका खरोखरच गेले. भाऊ चौकट आखायला बसला, तेव्हा ताई म्हणाल्या, "राहू दे रे. सगळं त्यांच्या कानावर घालून झालंय."

मित्रांनो, माझा कागद आता पिवळा पडलाय. मला हलक्या हाताने उलटा. आणि कुणाचं काम आवडलं, तर काळ्या चौकटीची वाट पाहू नका. आजच जाऊन सांगा.