बिनचिठ्ठीची बरणी

मी एक जुनी चिनी मातीची बरणी आहे, मित्रांनो, आणि माझ्यात खोकल्याचं चूर्ण असतं. हे आधीच सांगून टाकते, कारण पस्तीस वर्षं माझ्या अंगावर तसं कुठंच लिहिलेलं नव्हतं आणि त्यापायी मोठं रामायण झालं.

कोल्हापुरात महाद्वार रोडमागच्या बोळात चिमणाबाईंचं झाडपाल्याच्या औषधांचं दुकान आहे. शाहूवाडीच्या डोंगरातून हिरडा, बेहडा, अडुळसा यायचा. बाई तो वाळवायच्या, कुटायच्या, वस्त्रगाळ करून माझ्यात भरायच्या. बाईंच्या हाताला गुण हाय, असं गिऱ्हाईक म्हणायचं. गुण हाताला, मग मी काय नुसती शोभेला? असो.

मागं औषध खात्याचे धैर्यशील साहेब आले. प्रत्येक बरणीवर नाव, घटक आणि तारीख हवी, महिन्यात झालं नाही तर दुकानाला सील, असं सांगून गेले. बाई भडकल्या. आपला हात कधी चुकत नाही, हे त्यांनी अख्ख्या बोळाला ऐकवलं. खरं तर डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता, पण कबूल करतील त्या बाई कसल्या!

महिना भरला, साहेब हजर. सोबत चोंदलेलं नाक आणि खोकला. कागद नंतर, आधी औषध, असं दटावून बाईंनी चमचाभर पूड मधात कालवून त्यांना चाटवली. अगं बाई गं! हात माझ्यात गेलाच नव्हता. शेजारी माझ्यासारखीच दिसणारी दुसरी बरणी होती, बाईंच्या जेवणातल्या कांदा-लसूण चटणीची.

साहेब ताडकन उठले. डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी. तांब्याभर पाणी पोटात गेल्यावर मात्र म्हणाले, चार दिवस चोंदलेलं नाक मोकळं झालं, औषध जालीम आहे. चमचा धुताना बाईंना लसणाचा वास आला आणि त्यांचा चेहरा पडला. गप्प बसल्या असत्या तर दुकान वाचलं असतं. खोटं कशाला बोलू, मीही मनात 'गप्प बसा' असंच म्हणत होते.

पण बाकावर औषधाला आलेली मोना बसली होती, मांडीवर खोकणारं दोन वर्षांचं पोर घेऊन. साहेबांना दिलं तेच माझ्या बाळाला द्या, म्हणाली.

"न्हाय. ती चटणी हाय," बाई म्हणाल्या. "साहेब, मला नीट दिसत न्हाय. लावा सील."

साहेबांनी नाक पुसलं. बाईंना विचारून एकेका बरणीचं नाव, घटक आणि तारीख स्वतः ठळक अक्षरांत लिहिली आणि कागद चिकटवले, माझ्यावरही. सील टळलं, पण डोळ्यांचं ऑपरेशन होईपर्यंत विक्री बंद, हे ठणकावलंच.

ऑपरेशन झाल्यावर बाईंनी माझी चिठ्ठी दोनदा वाचली. मग शेजारच्या बरणीवर साहेबांनीच लावलेली वाचली: "चटणी. औषध नाही. पाव किलो विकत हवी." बाई पोट धरून हसल्या.

मित्रांनो, हात कितीही मुरलेला असू दे, घरातल्या बरणीवर नाव लिहा. त्या दिवशी चमचा चुकीच्या बरणीत जाताना मी डोळ्यांनी बघत होते. पण बरणीला ओरडता कुठं येतं?