गाठबाबाची पाचव्या दिवसाची अट

गाठबाबाच्या दारात बायकांची ही झुंबड! आत बाबाने धाकट्या सुनेच्या पोटावर, सिझेरियनच्या जुन्या व्रणावर, राख चोळली आणि डोळे गरागरा फिरवत तो ओरडला, "उतर! आलीस तशी जा!" तीन दिवसांपूर्वी लिंबाएवढी असलेली गाठ, दर महिन्यासारखीच, आज सुपारीएवढी झालेली! बायकांनी हात जोडले. सासूबाई तर रडायच्याच बाकी होत्या.

थोरली जाऊ तेवढी ओठ मुडपून उभी. ती शिवणकाम करायची. मापात तिला कुणी फसवलेलं नव्हतं. गाठ खरोखरच उतरली होती, आणि नेमकं तेच तिला खटकत होतं.

"बाबा, पाचव्याच दिवशी का बोलावता?"

"विटाळात मंत्र बाटतो, माई. पाळीचे चार दिवस सरल्याशिवाय पायरी चढायची नाही."

घरी आल्यावर तिनं धाकटीला विचारलं, "ही ठणकायला कधी लागते गं?"

"पाळी आली की. चार दिवस नुसती फुगते."

पुढच्या पाळीला धाकटीला ताप आल्याची थाप मारून थोरलीनं बाबाची वारी चुकवली आणि रोज टेप लावून गाठ मोजली. पाचव्या दिवशी गाठ आपली आपण बसली. ना राख, ना आरडाओरडा!

"मागच्या मंत्राचा गुण," सासूबाई म्हणाल्या.

त्यापुढच्या महिन्यात मात्र गाठ उतरेचना. बाबा म्हणाला, "घरात कुणीतरी शंका घेतंय." सगळ्यांनी थोरलीकडे पाहिलं. तिनं सरळ धाकटीचा हात धरला आणि दवाखाना गाठला.

डॉक्टरीणबाईंनी समजावलं, "सिझेरियनच्या वेळी गर्भाशयाच्या अस्तराचे कण एखादीच्या व्रणात रुजतात. पाळीत तेही सुजतात, रक्त सोडतात. पाळी सरली की गाठ बसते. वेळेवर काढली तर बहुतेक जणी बऱ्या होतात. क्वचित, फार क्वचित, गाठीचा कॅन्सर होतो. तुकडा तपासायला हवा. किती दिवस झाले?"

"सहा वर्षं," धाकटी पुटपुटली.

रिपोर्ट आला. कॅन्सरच होता.

"पण बाबांनी दर महिन्याला उतरवली होती गं!" सासूबाई कळवळून म्हणाल्या.

"उतरवली नाही, आई. ती उतरायची तेव्हा तो समोर बसलेला असायचा, एवढंच."

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी थोरली बाबाच्या दारातल्या गर्दीपुढे उभी राहिली आणि तिनं सगळं सांगितलं.

"बरी होईल ना धाकटी?" एकीनं विचारलं.

"ठाऊक नाही," थोरली म्हणाली. "सहा वर्षांपूर्वी नेली असती तर ठाऊक असतं. बायांनो, दुखणं ऐन भरात असताना जो दार लावून घेतो, तो कसलं बरं करणार? एवढं तरी त्याला विचारा. आणि उत्तराची वाट न बघता डॉक्टरकडे जा."