गाळलेली चाळीस पानं

मित्रांनो, मी गणिताच्या एका पाठ्यपुस्तकाची जुनी नमुना प्रत आहे. कोणतं पुस्तक लावायचं हे ठरवण्याआधी शिक्षकांना चाळायला फुकट पाठवतात, ती मी. माझा विषय विश्लेषण, म्हणजे डोळ्यांना पटलेलं गणितही सिद्ध करून दाखवणं.

त्या दुपारी शिक्षकांच्या खोलीत आम्ही दोघी होतो. दुसरी म्हणजे दुसऱ्या एका पुस्तकाची प्रत, माझ्या दुप्पट जाड. गणिताच्या सरांनी आम्हाला दोन तळहातांवर तोललं.

"किलोवर घेताय का?" शेजारी बसलेल्या एक मॅडम हसल्या.

सरांनी जाड प्रत खाली ठेवली. "हिची पहिली चाळीस पानं नुसती संख्या म्हणजे काय यावर! कॉलेजातल्या मुलांना संख्या माहीत नसतात होय?"

मला निवडलं. मी फुशारून गेले.

पाचव्या आठवड्यात सरांनी माझं एकसष्टावं पान शिकवायला घेतलं. सलग वक्र शून्याच्या खालून वर गेला, तर वाटेत कुठेतरी शून्याला शिवतोच. सिद्धतेच्या जागी माझ्यात छापलंय, 'आकृतीवरून स्पष्ट आहे.'

दुसऱ्या बाकावरची चष्मेवाली उठली. "सर, संख्यांत नुसते अपूर्णांकच घेतले तर? संख्येच्या वर्गातून दोन वजा करा. एक घातला की ऋण, दोन घातले की धन, पण शून्य कुठेच येत नाही. दोनाचं वर्गमूळ अपूर्णांकांत नाहीच ना."

"अगं बाई, आकृती काढ, दिसेल."

"पेन्सिलीची रेघ जाड असते, सर. मधलं भोक बुजून जातं."

वर्ग खो खो हसला. सरही हसले. "पुस्तकवाल्यापेक्षा तुला जास्त कळतं वाटतं!"

ती खाली बसली. तिचं बरोबर होतं. संख्यारेषेत भोक का नसतं, हेच तर त्या जाड प्रतीच्या चाळीस पानांत होतं. मी सरांच्या हातात मुकाट राहिले.

आठवड्याभराने विषय बदलण्याचा तिचा अर्ज सरांच्या सहीसाठी आला. कारण, 'मला गणित समजत नाही.' सरांनी सही न करता ती जाड प्रत उघडली. सदतिसाव्या पानावर तिचंच उदाहरण होतं. त्यांचे कान लाल झाले.

त्यांनी तिला बोलावलं. "चूक तुझी नाही. पुस्तक मी न वाचता निवडलं."

"हे वर्गात सांगाल, सर?"

दुसऱ्या दिवशी मला उंच धरून त्यांनी ते साऱ्या वर्गाला सांगितलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिने अर्ज मागे घेतला.

मित्रांनो, पुस्तक निवडताना आमची पानं मोजू नका. आमच्यात काय नाही, ते आधी शोधा. आम्ही ते आपणहून सांगत नाही, आणि तोवर एखादी शहाणी मुलगी स्वतःलाच मठ्ठ समजू लागते.