चोरीचं पिल्लू

डोळ्याचं ऑपरेशन करून इरासी आठ दिवसांनी घरी आली, आणि नव्या डोळ्याला पहिलं काय दिसलं, तर सिमेंट. मागचं अख्खं अंगण तिच्या लेकाने, जिल्मारने, गुळगुळीत करून टाकलं होतं.

"आई, आता घसरायची भीती नाही," तो शाबासकीची वाट बघत म्हणाला.

"आणि माझं आयरिस?"

"ते गवत होय?"

इरासीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. गवत म्हणे! तिच्या आईने डोंगरातून आणून विहिरीपाशी लावलेलं रोप ते. बारा पानं झाल्याशिवाय फुलायचं नाही, आणि फूल एका दिवसात आटोपायचं. मग दांडा वाकायचा, टोकाचं पिल्लू मातीला टेकायचं आणि तिथंच मूळ धरायचं. असं पावलापावलाने चालत ते चाळीस वर्षांत कुंपणापर्यंत पोचलं होतं. आईचं म्हणून घरात तेवढंच उरलं होतं, आणि या दिवट्याने त्यावर सिमेंट ओतलं.

"दुसरं आणू की बाजारातून."

"आईपण आण मग बाजारातून. दुसरी."

आईचं रोप आता एकाच ठिकाणी होतं, समोरच्या झोराइदेच्या दारात. अकरा वर्षांपूर्वी तिने मागच्या कुंपणातून हात घालून एक पिल्लू उपटलं होतं. चोरीचं रोप हमखास जगतं, मागून आणलेलं मरतं, हे इथलं शेंबडं पोरही सांगेल. पण चोरून वर नाकावर टिच्चून समोरच लावायचं? इरासीने तिला चर्चच्या पायरीवर चारचौघांत चोरटी म्हटलं होतं. तेव्हापासून दोघींचं बोलणं बंद.

तिच्याकडे मागायला जायचं, म्हणजे मेल्याहून मेल्यासारखं. शिवाय मागितलेलं जगायचंही नाही. इरासीने चपला घातल्या.

भर दुपारी ती झोराइदेच्या फाटकाशी वाकली. मुळं फुटलेलं एक पिल्लू हाताला लागलं. मान वर केली तर खिडकीत झोराइदे, हातात कॉफी, सरळ तिच्याकडेच बघत होती. मग तिने शांतपणे पाठ फिरवली आणि आत जाऊन भांडी आपटायला लागली.

मेली दया दाखवतेय मला, इरासी मनात चरफडली. बघून नेऊ दिलं म्हणजे दिलेलंच झालं. दिलेलं जगतंय थोडंच? सगळं मुसळ केरात. तरी तिने दांडा मोडला, पिल्लू झग्याच्या खिशात कोंबलं आणि रस्ता ओलांडला.

ती आपल्या दारात पाऊल टाकते तोच मागून आवाज आला, अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असा, अकरा वर्षांनी पहिल्यांदा.

"चोर! धरा त्या म्हातारीला, माझं रोप पळवलं."

खिडक्या धडाधड उघडल्या. झोराइदे कमरेवर हात ठेवून फाटकात उभी होती. इरासीने खिशातलं पिल्लू चाचपलं. मग तिला कळलं.

"चोरलं तर चोरलं," ती तितक्याच मोठ्याने म्हणाली. "तू काय विकत आणलं होतंस?"

घरात येऊन तिने जिल्मारच्या हातात पहार दिली.

"फोड. विहिरीपासून सुरुवात कर. हे आता जगणार आहे."