धाकटीचे कान

“आता पुन्हा नवा डॉक्टर, पुन्हा सगळं पहिल्यापासून सांगत बसायचं,” शिंपीणबाई शेजारणीच्या कानाला लागून कुरकुरत होत्या. “धाकटी डॉक्टर आहे म्हणा, पण ती अजून शिकतेच आहे. मोठे डॉक्टर शेवटपर्यंत तिला प्रश्न विचारायचे. शाळेतल्या पोरीसारखी उभी राहून उत्तरं द्यायची बिचारी.”

बिचारी त्यांच्या पुढच्याच बाकावर बसली होती. चाळिशी कधीच मागे पडली होती, कानशिलावरचे केस पिकले होते, तरी पेशंटांच्या तोंडी ती धाकटीच. मोठे डॉक्टर होते तोवर त्यात तिला काही वावगं वाटलं नव्हतं. आज वाटलं.

शोकसभा दवाखान्यातच होती, पेशंट बसायच्या खोलीत. फोटो ठेवायला दुसरी उंच जागा मिळेना म्हणून कंपाउंडरनं तो वजनकाट्यावर उभा केला होता, आणि मग काटा किती दाखवतोय ते हळूच वाकून पाहिलंही होतं. सवयीचा गुलाम माणूस.

सकाळी डॉक्टरांच्या मुलानं तिला बाजूला घेऊन सांगितलं होतं, की एक नावाजलेले डॉक्टर ही जागा घ्यायला तयार आहेत, सभा संपताना जाहीर करून टाकू, तुम्ही त्यांच्या हाताखाली राहालच. मुलगा परगावी शिकला, तिथेच रमला. इतक्या अदबीनं बोलला की रागवायलाही फट ठेवली नाही. ती “बघू” म्हणाली. दवाखाना हातचा जात होता आणि तो वाचवायला तिच्याजवळ सांगण्यासारखं एकच होतं. ते सांगायचं म्हणजे फोटोतल्या माणसाला आपल्या हातानं खाली उतरवायचं.

ती इथे आली तेव्हा डॉक्टरांनी तिला आजारी माणसाला हातच लावू दिला नव्हता. आधी धडधाकट माणूस ऐक, म्हणाले. चांगलं काय ते कानात बसलं की वाईट आपोआप टोचतं. मग तिनं पोस्टमन ऐकला, कंपाउंडर ऐकला, डॉक्टरांच्या बायकोला, काकूंना, तर ओट्यापाशी गाठून ऐकलं. दूधवाला फाटकापाशीच किटली ठेवून पळायला लागला. कंपाउंडर म्हणायचा, माझ्या छातीत आता बघण्यासारखं काही उरलेलं नाही, बाई.

पुढे बऱ्याच वर्षांनी एके दिवशी डॉक्टरांनी एका पेशंटच्या छातीवर नळी लावली आणि ती उचलेचनात. चेहरा कोरा. मग त्यांनी नळी काढून स्वतःच्या हातानं तिच्या कानात घातली.

“सांग, काय ऐकतेस?”

तिनं सांगितलं. ते तिच्या ओठांकडे टक लावून बघत होते. “बरोबर,” म्हणाले. पेशंटला वाटलं, धडा चाललाय. त्या दिवसापासून पेशंटागणिक धडा सुरू झाला. घरातला रेडिओ एवढा मोठा झाला की शेजाऱ्यांना बातम्यांसाठी वेगळा रेडिओ लागेना. डॉक्टरांशी बोलायचं ते समोर उभं राहून, हे कुणी न सांगता सगळे शिकले. पण त्याविषयी कुणी चकार शब्द काढला नाही. तिनं तर नाहीच.

सभेत लोक एकेक करून उठत होते. ज्याला त्याला सांगायचं होतं की डॉक्टरांच्या कानातून काही सुटत नसे. शिंपी उठले. मोठ्या इस्पितळात माझ्या हृदयाच्या झडपेचं दुखणं निसटलं, म्हणाले, ते ह्या देवमाणसानं इथे, त्या हिरव्या पडद्यामागे पकडलं.

तिला ती दुपार जशीच्या तशी आठवली. तिनं नळी लावून “साफ आहे” म्हटलं होतं. डॉक्टर शिंप्याच्या सुजलेल्या घोट्यावर पायमोज्यानं उठवलेल्या वळाकडे बघत होते. “पुन्हा ऐक,” म्हणाले, “घाई केलीस.” तिनं शिंप्याला डाव्या कुशीवर वळवलं, श्वास रोखायला लावला, आणि मग दाराच्या फटीतून वारा सरकावा तसा तो आवाज आला. तिनं तसं सांगितलं. डॉक्टर “बरोबर” म्हणाले आणि उगीचच खिडकीशी जाऊन उभे राहिले. बराच वेळ पाठमोरे.

टाळ्या शोकसभेत वाजवत नाहीत, पण शिंपी बसले तेव्हा कुणीतरी वाजवल्याच. धाकटीला हसू आलं. हा जो जिंकल्याचा आनंद खोलीभर पसरत होता, तो तिचा होता आणि त्यांचाही होता, वेगळा काढायचा म्हटलं तरी निघाला नसता. राहू दे असाच, तिनं ठरवलं. दवाखाना गेला तर गेला.

मुलगा उठला. घसा साफ करून म्हणाला की बाबांच्या तोडीचं कुणी मिळणं शक्य नाही, तरीपण एका अनुभवी डॉक्टरांशी बोलणं झालं आहे.

“तू बस जरा,” काकू म्हणाल्या.

त्या भिंतीचा आधार घेऊन उभ्या राहिल्या. इतक्या वर्षांच्या सवयीनं त्यांचा आवाज अजून चढाच होता. मागच्या बाकापर्यंतच काय, रस्त्यापर्यंत जात होता. धाकटीनं मान हलवून नको नको म्हटलं. कंपाउंडर छताकडे बघायला लागला.

“ह्यांना शेवटची वर्षं नळीतून काही ऐकू येत नव्हतं,” काकू म्हणाल्या. “मला ठाऊक होतं, कंपाउंडरला ठाऊक होतं, आणि उगाच साळसूद चेहरे करू नका, तुमच्यातल्या निम्म्यांनाही ठाऊक होतं. धडाबिडा काही चाललेला नव्हता तो. तुमच्या छात्या हिनं ऐकल्यात. घरी आले की पानावर बसायच्या आधी मला सांगायचे, आज पोरीनं काय पकडलं माहितीये? हात धुवायचेसुद्धा राहायचे त्यांचे, डॉक्टर असून. तेव्हा नवा डॉक्टर शोधायचं काही कारण नाही. तुमची डॉक्टर ही इथे बसली आहे. धाकटे, मान वर कर, दिसू दे त्यांना.”